मोरसचं पाणी

१२ नोव्हेंबर, मंगळवार

काल मी प्रयोगवहीत "आज पेशी फार गोड दिसत होत्या" असं लिहिलं आणि माझ्या मार्गदर्शक सुमतीमॅडमनी त्याखाली लाल रेघ ओढली. म्हणाल्या, मनातलं लिहायचं असेल तर दुसरी वही घे, ही उद्या परीक्षक वाचतील. म्हणून येताना माजिवड्याच्या नाक्यावरून ही वही घेतली. आता इथे पेशींना गोड म्हणायला मला कोणी अडवणार नाही.

पेशी खरंच गोड दिसतात. उंदराच्या चरबीच्या पेशी आहेत. आधी लांबुडक्या, कंटाळवाण्या असतात. मग त्यांना आठवडाभर खाऊपिऊ घातलं की पोटात तेलाचे थेंब धरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली साबुदाण्यासारख्या चमकतात. माझी पीएचडी या साबुदाण्यावर चालली आहे. चरबी नुसता साठा करून गप्प बसत नाही. जास्त झाली की कुरकुर करायला लागते, म्हणजे दाह होतो आणि त्याचे निरोप रक्तातून सगळ्या शरीरभर जातात. पुढे मधुमेह, हृदयाची दुखणी, सगळं त्यातूनच वाढतं. झाडपाल्यातली काही द्रव्यं ही कुरकुर कमी करतात का, तेवढं मी बघते.

लग्न ठरलं तेव्हा मी हे सासूबाईंना समजावून सांगितलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग दिपेशला विचारलं, "म्हंजे ही कालेजान उंदराची चरबी पोसते?"

डोंबिवलीची, कोकणातल्या घरातली मुलगी बाळकुमच्या आगरी घरात आली यापेक्षा त्या चरबीचाच त्यांना जास्त धक्का बसला असावा. दीड वर्ष झालं. भांडण कधी झालं नाही, पण गप्पाही फारशा होत नाहीत. माझी मराठी त्यांना टीव्हीवरची वाटते.

गंमत म्हणजे ज्या वनस्पतीवर मी काम करते ती मला त्यांनीच दिली. मोरस. खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात उगवते, बारीक जाडसर पानांची. गेल्या थंडीत त्यांनी तिची भाजी केली, मी एक डहाळी कॉलेजात नेली आणि मॅडमना दाखवली. मॅडम म्हणाल्या, एवढ्या खारात जगायचं म्हणजे हे झाड स्वतःला वाचवायला काहीतरी बनवत असणार, बघ त्यात काय मिळतंय. तेव्हापासून मी आणि मोरस.

१७ नोव्हेंबर, रविवार

सकाळी सासूबाईंबरोबर मोरस खुडायला गेले. आमच्या घरामागे आता तीन टॉवर उभे आहेत, त्यांच्या भिंतीला वळसा घालून गेलं की खाडीचा काठ लागतो. त्यांचे वडील मिठागरावर होते, त्यामुळे चिखलात त्या माझ्यापेक्षा सरळ चालतात. कुठला शेंडा कोवळा, कुठला जून, हे दाखवत होत्या. लहानपणी मिठाच्या ढिगावरून घसरायच्या आणि आईचा मार खायच्या, हेही सांगितलं. एवढं बोलणं आमच्यात पहिल्यांदाच झालं.

घरी येऊन त्यांनी भाजी उकडली, पाणी ओतलं, पुन्हा उकडली आणि पुन्हा पाणी ओतायला निघाल्या. पातेल्यातलं ते हिरवंगार पाणी मोरीत जाताना बघून मला राहवलं नाही. मी महिनाभर राबून जे काढते ते इथे धो धो वाहत होतं. मी म्हटलं, आई, पाणी टाकू नका, सगळा गुण पाण्यात उतरतो. त्या म्हणाल्या, आमी टाकतोच. मग मी त्यांना पाण्यात विरघळणारी द्रव्यं, उष्णता, सगळं नीट समजावलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, पटलं त्यांना. छान वाटलं.

भाजी नेहमीसारखीच झाली, पण मिठाशिवाय. घरात मीठमंत्री मी आहे. गेल्या वर्षी त्यांच्या हृदयाची सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, हृदय थकलंय, मीठ वाढलं की अंगात पाणी साठेल आणि त्याला ते पेलवणार नाही. तेव्हापासून लोणच्याच्या बरण्या माझ्या कपाटात कुलपात आहेत आणि सगळा जवळा, सुकट जावेकडे गेलं. सासूबाईंनी तक्रार केली नाही. एकदा फक्त म्हणाल्या की मिठागरवाल्याच्या पोरीचं मीठ बंद झालं.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

निकाल आला!

आधी पेशींना चिडवायचं, मग मोरसचा अर्क द्यायचा, मग त्यांच्या भोवतीचं पाणी काढून तपासायचं. जितका दाह जास्त, तितका ताटलीतल्या छोट्या खळग्यात पिवळा रंग गडद. अर्काविना खळगे हळदीसारखे पिवळे होते. अर्क दिलेले फिके, लिंबाच्या सरबतासारखे. मी ताटली उजेडाकडे धरून उभी होते तेव्हा शेजारच्या टेबलावरचा प्रितम म्हणाला, अगं, खाली ठेव, सांडशील.

घरी आल्यावर पहिल्यांदा दिपेशला सांगितलं. तो "सही ना" म्हणाला आणि पुन्हा मॅच बघायला लागला. सासूबाईंनी मात्र ताट वाढता वाढता विचारलं की म्हणजे नेमकं झालं काय. मी शब्द शोधत राहिले. दाह म्हटलं तर त्यांना आग वाटेल, जळजळ वाटेल. शेवटी म्हटलं, "सूज उतरली."

त्यांनी पळी खाली ठेवली. विचारलं, ती सूज आणि आपल्या अंगावर येते ती सूज एकच का. माझ्या तोंडात घास होता. मी म्हटलं, हो, तसंच काहीसं. सोपं करून सांगणं ही मोठी कला आहे, असं मॅडम नेहमी म्हणतात. आज मला ती जमली.

८ डिसेंबर, रविवार

सासूबाईंना मोरसचं वेडच लागलंय. आता मी सांगायच्या आधीच जातात. आज दोन पिशव्या भरून आणल्या. एक माझी, दुसरी घरातली. मी विचारलं, एवढी कोण खाणार, तर म्हणाल्या, लागते.

फ्रीजमध्ये हिरव्या पाण्याचा तांब्या होता. मला वाटलं माझ्यासाठीच काढून ठेवलाय. कौतुकाने कॉलेजात न्यायला उचलला तर त्यांनी पटकन हातातून घेतला. तो नको, तुला ताजा पाला देते, म्हणाल्या. स्वभाव थोडा विचित्र आहे, पण माझ्या कामात इतकं मन घालणारं या घरात दुसरं कोणी नाही. महिला मंडळात त्यांनी सांगून टाकलंय की आमची सून सुजेचं औषध शोधते. शेजारच्या सुमनकाकी मला गेटवर अडवून गुडघे दाखवत होत्या.

१९ डिसेंबर, गुरुवार

फेब्रुवारीत पुण्याला परिषद आहे आणि माझा विषय तोंडी मांडायला निवडला गेलाय. पोस्टर नाही, तोंडी! मॅडम स्वतः माझ्या टेबलापाशी येऊन सांगून गेल्या.

आता चित्र ठसठशीत पाहिजे म्हणून मात्रा वाढवली. दुप्पट केली तर पिवळा आणखी फिका. चौपट केली तर जवळजवळ पाणी. पेशी एकदम शांत. प्रितमने ताटली बघितली आणि विचारलं, नव्या मात्रेवर जिवंतपणाची चाचणी घेतलीस का. म्हणजे जांभळ्या रंगाची ती चाचणी, पेशी जिवंत असतील तर खळगा जांभळा होतो. मी म्हटलं, सुरुवातीला घेतली होती, सगळ्या जिवंत होत्या. तो म्हणाला, ती कमी मात्रेवर. बरोबर आहे त्याचं. पण त्यासाठी पेशी पुन्हा वाढवण्यात आठवडा जाणार आणि मॅडमना आकृत्या सोमवारी हव्यात. परिषदेनंतर घेईन. मनात थोडं खुपतंय, ते इथे लिहून टाकलं म्हणजे बरं.

घरी थंडी पडलीय. सासूबाईंच्या चपला पायात जात नाहीत, म्हणून त्या दिपेशच्या सपाता घालून फिरतात. म्हणतात, थंडीने पाय फुगतात. दिपेश खूप हसला. मीही हसले.

५ जानेवारी, रविवार

आज घरात फार निवांत वाटलं. सासूबाई आजकाल किती शांत झाल्यात! पूर्वी दिवसातून दहा वेळा गच्चीवर चढायच्या, कपडे, पापड, शेजारणींशी वरूनच आरडाओरडा. आता ओट्यावर खुर्चीत बसून असतात. मी काही चुकीचं केलं तरी ओरडत नाहीत. झोपही टीव्हीसमोर बसल्या बसल्याच लागते, आडवं व्हायलासुद्धा उठत नाहीत. आमचं आता जमायला लागलंय, त्याचं बरंचसं श्रेय मी मोरसला देते.

संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून भाषणाची तयारी केली. त्यांना मराठीतून सांगून बघितलं, म्हणजे मला कितपत येतं ते कळेल. सगळं ऐकल्यावर त्यांनी एकच विचारलं, "तुजा कार्यक्रम कवा हाय?"

मी म्हटलं, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि मान हलवली. मग विचारलं, जास्त दिलं तर तुझ्या उंदरांची सूज लवकर उतरते का. मी म्हटलं, हो, मात्रा वाढवली की एकदम उतरते. इतका नेमका प्रश्न कॉलेजातसुद्धा कोणी विचारला नव्हता.

१४ जानेवारी, मंगळवार

तिळगूळ. सासूबाईंसाठी मी लाडू वेगळे केले, सोडाही न घातलेले. त्यांनी अर्धाच खाल्ला. भूक नाही म्हणाल्या.

आईशी व्हिडिओ कॉल झाला. ती सासूबाईंशी बोलली आणि नंतर मला म्हणाली, अगं, त्यांचा चेहरा सुजल्यासारखा नाही का वाटत? मी म्हटलं, फोनचा कॅमेरा तसाच आहे, मीही त्यात भोपळा दिसते.

उद्यापासून डोंबिवलीला. भाषण लिहायला शांतता हवी आणि आईच्या हातचं जेवणही. सासूबाई म्हणाल्या, जा गो बाय, अभ्यास कर.

१८ जानेवारी, शनिवार

दुपारी दिपेशचा फोन आला. सासूबाईंना धाप लागलीय, वाक्य पुरं करता येत नाही. माजिवड्याच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. मी डोंबिवलीहून थेट तिकडे आले. ऑक्सिजन लावलाय. मला बघून हात वर केला, पण बोलता आलं नाही. पाय बघितले. पायांना घोटे उरलेले नाहीत.

यापुढे काय लिहू. भीती वाटते.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी डॉक्टर आले. म्हणाले, अंगात खूप पाणी साठलंय, फुप्फुसातही उतरलंय. औषधाने ते काढतोय, हृदय किती साथ देतं ते दोन-तीन दिवसांत कळेल. मग विचारलं, खाण्यात मीठ कसं आहे. मला राग आला. मी म्हटलं, डॉक्टर, आमच्या घरात मिठाच्या बरणीला कुलूप आहे, मी स्वतः लावते. ते म्हणाले, कुठून तरी जातंय, भरपूर जातंय, शोधा. दिपेशने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, सुमनकाकींकडे जाऊन लोणची खात असणार. मनातल्या मनात मी त्यांच्यावर चिडलेसुद्धा.

त्यांचे कपडे आणायला घरी आले. फ्रीज उघडला. तांब्या होता, शेजारी आणखी एक कळशीही होती. दोन्हींत हिरवं पाणी. ओट्यावर एक पेला उपडा ठेवलेला, त्याच्या काठाला वाळलेली हिरवी रेघ.

मी वर्षभर हा अर्क हाताळते. तो वाळवलाय, गाळलाय, वजन केलंय, पेशींना पाजलाय. चाखला कधीच नाही. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालायचं नाही, हा पहिल्या दिवशीचा नियम. आज स्वयंपाकघरात उभी राहून मी तांब्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

खारट. खाडी ओतून घेतल्यासारखं खारट. मी मोरीत थुंकले आणि तिथेच खाली बसले. त्या दोनदा पाणी ओतून टाकत होत्या ते याचसाठी, आणि मी त्यांना थांबवलं. दोन महिने मी बरण्यांना कुलूप लावत होते आणि त्या माझ्या सांगण्यावरून दररोज मीठ पीत होत्या. आणि मी लोणच्याच्या संशयावर चिडत बसले होते.

मग दुसरी गोष्ट डोक्यात आली आणि ती इतक्या उशिरा आली याचीही लाज वाटली. माझ्या पेशीही हेच पीत होत्या.

डॉक्टरांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, बरं झालं कळलं.

२१ जानेवारी, मंगळवार

ऑक्सिजन काढला. पाणी उतरतंय. आज सासूबाई उशीला टेकून बसल्या आणि दिपेश चहा प्यायला गेल्यावर मी विषय काढला. त्यांना बोलायला लावायचं नव्हतं, पण मला गप्प बसवेना. मी विचारलं, डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं ना, मग ते खारट पाणी का प्यायलात?

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "मी मीठ कवा खाल्ला? मीठ येगला. त्यो खार होता."

मीठ म्हणजे वडिलांच्या आगरात पिकतं ते, बरणीत असतं ते. पाल्यात असतो तो खार. डॉक्टर मीठ बोलले, खार नाही बोलले. मी मान खाली घालून ऐकत होते. सोपं करून सांगण्याची माझी मोठी कला. सूज हा शब्द मी जेवताना घासाबरोबर फेकला होता आणि त्यांनी तो उचलून जपून ठेवला.

मी म्हटलं, आई, पण चव तर तुम्हाला कळतच होती. इतकं खारट कसं प्यायलात?

"जात नव्हता," त्या म्हणाल्या. "नाक दाबून प्याची. तूच बोललीस ना, पानी टाकाचा नाय. सूज उतरते बोललीस. मना वाटला, तुजे कार्यक्रमाच्या आदी माजे पाय उतरले त तू सगल्यांना सांगशील, माजे सासूचे पाय उतरले."

एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाठीवरून हात फिरवत राहिले. सांगायचं होतं की परिषदेत सासूचे पाय चालत नाहीत, आकडे लागतात. पण तेव्हा हुंदकाच आला आणि त्याच मला म्हणायला लागल्या, रडू नको, लोक बघतात.

दिपेशला घरी जाताना सगळं सांगितलं. तो गाडी चालवत होता. म्हणाला, तिने आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही. पप्पांचंसुद्धा नाही. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं.

२८ जानेवारी, मंगळवार

सासूबाई शुक्रवारी घरी आल्या. काल मी कॉलेजात गेले होते. चार गोष्टी एकाच ताटलीत मांडल्या: नुसत्या पेशी, चिडवलेल्या पेशी, मोरसचा चौपट अर्क दिलेल्या, आणि त्या अर्कात जेवढं मीठ असतं तेवढं नुसतं साधं मीठ दिलेल्या. प्रितमने पेशी आधीच वाढवून ठेवल्या होत्या. एकदाही "मी म्हटलं होतं" म्हणाला नाही, ही त्याची मेहरबानी.

आज पिवळा रंग बघितला. अर्काचे खळगे फिके. मिठाचे खळगे तेवढेच फिके. मग जांभळी चाचणी. जिथे जांभळं यायला हवं होतं तिथे काहीच आलं नाही. पेशी शांत झाल्या नव्हत्या. मरत होत्या, आणि मरताना कोणी कुरकुर करत नाही.

मला ओट्यावरच्या खुर्चीतल्या सासूबाई आठवल्या. जानेवारीत मी याच वहीत लिहिलंय, किती शांत झाल्यात. मागे जाऊन ते पान वाचलं. फाडावंसं वाटलं, पण ठेवलं.

मॅडमच्या केबिनमध्ये जाऊन दोन्ही गोष्टी सांगितल्या, ताटलीतली आणि घरातली. मला वाटलं होतं त्या ताटलीबद्दल आधी बोलतील. त्यांनी आधी विचारलं, सासूबाई आता कशा आहेत. मग म्हणाल्या की खाऱ्या वनस्पतीचा अर्क आणि मिठाचा खळगा ठेवला नाही, हे माझ्याही लक्षात यायला हवं होतं, मी आकृत्यांवर सही केलीय. परिषदेला आम्ही दोघींनी मिळून पत्र पाठवलं, विषय मागे घेतो म्हणून. पाठवल्यावर मला हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं. वर्ष गेलं त्याचं दुःख झालं ते झालंच, आणि ते इथे लपवून काय करू.

सुमनकाकी गेटवर भेटल्या. त्यांना स्पष्ट सांगितलं की ते औषध नाही, पाणी प्यायला असाल तर बंद करा. त्या म्हणाल्या, आम्ही कुठे पितो, ते खारट. आमची सगुणाच वेडी. सगुणा म्हणजे सासूबाई.

९ फेब्रुवारी, रविवार

सकाळी सासूबाई गेटपर्यंत चालत जाऊन आल्या. स्वतःच्या चपला घालून. मी मागे मागे होते तर म्हणाल्या, मी काय पडत नाय, सर बाजूला. आवाज परत आलाय. परवा शेजारणीशी कचऱ्यावरून वाजलं तेव्हा मला इतका आनंद झाला की दिपेशला वाटलं मी बिघडले.

मी मोरस सोडलेली नाही. मॅडम म्हणाल्या, पहिल्यापासून सुरू कर, आधी खार काढ. कसा काढायचा हे शोधायला दहा पेपर वाचले आणि मग घरी विचारलं. सासूबाई खुर्चीत बसून सांगत होत्या, मी पातेल्यासमोर. उकड, ओत, पिळ, पुन्हा उकड. यावेळी दोन्ही वेळचं पाणी मोरीत गेलं आणि मी अडवलं नाही. पिळलेला पाला डब्यात भरून कॉलेजात नेला. त्यात काही उरलंय का, देव जाणे. शुक्रवारी पिवळा रंग किंचित फिका वाटला, पण वाटणं आणि असणं यातला फरक मला आता महागात पडून कळलाय. जांभळी चाचणी आधी लावली. पेशी जिवंत आहेत. सध्या एवढंच.

सासूबाईंनी विचारलं, तुझ्या उंदरांना बरं वाटतंय का. त्यांना अजून वाटतं कॉलेजात पिंजऱ्यात उंदीर आहेत. मी म्हटलं, माहीत नाही, आई. अजून काहीच माहीत नाही. त्यांनी मान हलवली. पटल्याचं ते हलवणं नव्हतं, हे आता मला ओळखता येतं. मग मी खाली बसून त्यांना नीट सांगितलं. की मी सूज म्हणाले तेव्हा ती पायाची सूज नव्हती. ती दिसतही नाही, दुखतही नाही, पेशी आत जे निरोप पाठवतात तेवढीच ती. की खार म्हणजे मीठच, चिखलातलं असो नाहीतर बरणीतलं. मध्ये मध्ये विचारत होते, मी काय म्हणाले ते तुम्ही सांगा. वेळ लागला. एक वाजला तरी आमटीला फोडणी पडली नव्हती.

आता संध्याकाळ. त्यांच्यासाठी तांदळाची पेज केली, मीठ न घालता. वाटी हातात दिली. त्यांनी ती धरली आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मला कळेना काय हवंय, चमचा तर दिला होता.

"पिऊ ना?" त्यांनी विचारलं.

एवढं झाल्यावरही. दोन महिने खाडी पाजली मी त्यांना, घोटे बुडेपर्यंत, श्वास अडेपर्यंत, आणि त्या अजून मलाच विचारत होत्या. टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. टोमणा नव्हता. मी म्हणाले असते तर त्यांनी ती वाटी पुन्हा नाक दाबून रिकामी केली असती.

मी वाटी परत घेतली, चमचाभर पेज तोंडात घातली, गिळली आणि थोडं थांबले.

"प्या, आई," मी म्हटलं.

त्या प्यायल्या.